ब्लॅक क्युपोलाचा सिद्राम

सिद्राम बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, होता, आणि त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साली चौदा महिने तो एका हेवी मेटल बँडचा ड्रमरही होता. दोन्ही कामांत कान बहिरे होतात, त्यामुळं त्याचे नेमके कशानं झाले हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. बँडचे एकूण पाच कार्यक्रम झाले. पहिला झालाच नाही, दुसरा अर्धा झाला, तिसऱ्यात कुणीतरी वायर उपटली, चौथ्यात सगळं वऱ्हाड शिंकून बेजार झालं आणि पाचव्याची गोष्ट जरा निराळी आहे. बेळगावच्या इतिहासात या बँडची नोंद कुठं सापडायची नाही. इतिहास लिहिणाऱ्यांना राजे-राण्यांतून फुरसत मिळत नाही, त्याला सिद्रामनं काय करावं?

उंच, हडकुळा, हात गुडघ्याला टेकतील इतके लांब, आणि बोटं म्हणजे घटकाभर गप्प नाहीत. बसमध्ये बसला की पुढच्या सीटच्या पत्र्यावर, कँटीनमध्ये बसला की टेबलावर, तेही नसेल तर शेजाऱ्याच्या गुडघ्यावर सुरू. त्याच्याजवळ बसून निवांत चहा प्यालेला माणूस फाउंड्रीत शोधून सापडला नसता. घरात मात्र हीच बोटं शहाण्यासारखी मांडीवर पडून असत. हिंडलग्याच्या वाटेवरच्या त्या दोन खोल्यांत काहीही वाजवायचं नाही असा त्याच्या वडिलांचा, देवाप्पाचा, नियम होता. डबा नाही, पाटी नाही, दारसुद्धा जोरात वाजवायचं नाही.

या नियमाचं कारण सिद्रामच्या जन्माआधीचं आहे. काकतीच्या पलीकडं त्यांचं गाव. तिथं देवाप्पाची हलगी सुरू झाली की शेजारच्या गावची माणसं वाट वाकडी करून ऐकायला येत. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी, आणि त्या दोघांच्या मधून असा काही ठेका निघे की पालखीचे भोई थकवा विसरत. गाव वाहवा करी, पण लांबून. वाजवून झालं की देवाप्पा पायरीच्या खाली उभा राही आणि त्याच्या पदरात वरून भाकरी पडे. कुणाच्या घरी माणूस मेला, वाजव. साहेब आला, वाजव. वाजवायचं मनात नाही, तरी वाजव. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर पुढच्या वर्षी त्यांच्या वस्तीनं बसून ठरवलं, गावकीची ही कामं बंद. विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत जाळ केला आणि ज्याची त्यानं आपली हलगी त्यात टाकली. देवाप्पानं आपली टाकताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही म्हणतात. गावानं त्यांना दुकान बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली. चार महिने काढून देवाप्पा बायकोला घेऊन बेळगावात आला आणि एका शाळेत शिपाई म्हणून लागला.

शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे, तो बडवायचं काम देवाप्पाकडं. ते तो बिनतक्रार करी. पोरांना शिकायला बोलवायचं वाजवणं त्याला चाले. पण हाताला जी सवय लागलेली ती लागलेली. सुटीची शेवटची घंटा तो अशी काही देई की पोरं फाटकापर्यंत नाचतच जात आणि हेडमास्तरांचाही पाय टेबलाखाली हलू लागे. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता. म्हणून कुणी सांगितलं नाही.

अशा माणसाच्या पोटी सिद्राम जन्मला. लहानपणी तो डबा वाजवू लागला की बाप ओरडत नसे, मारत नसे. नुसता येऊन आपला पंजा त्याच्या बोटांवर ठेवी आणि तसाच बसून राही. मार परवडला असता. त्या पंजाखाली सिद्राम चोवीस वर्षांचा झाला.

मग आला पास्कू. सिद्राम सायकलवरून फाउंड्रीत जाई ती वाट कँपातून, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातून, जाते, आणि कँपात पास्कूचं शिलाईचं दुकान होतं. पास्कूचा भाऊ बहरीनला. त्यानं एक टेपरेकॉर्डर आणि पाच-सहा कॅसेट पाठवल्या होत्या. एका सकाळी सिद्राम दुकानापुढं आला आणि ब्रेक दाबून उभाच राहिला. आतून जो आवाज येत होता तो ऐकून समोरचा पाववाला म्हणत होता, "पास्कूचं मशीन बिघडलं वाटतं." सिद्रामला तसं वाटलं नाही. साचे फोडण्याचा दणका, ग्राइंडरची किंकाळी, भट्टीच्या पंख्याची घरघर, हे सगळं तो रोज आठ तास ऐकत होता. फक्त इथं ते कुणीतरी तालात बसवलं होतं. तो दुकानात शिरला आणि कापड कापायच्या फळीवर त्याची बोटं आपोआप चालू झाली. पास्कूनं हातातली कात्री खाली ठेवली.

"तू ड्रम वाजवतो, मॅन?"

"न्हाय. घरात चालत न्हाय."

"मग इथं वाजव," पास्कू म्हणाला.

पास्कूकडं गिटार होती आणि बोटांत सुई टोचून टोचून आलेला घट्टपणा होता, तो तारांना उपयोगी पडला. आता गाणारा हवा. दुकानाच्या माडीवर परशराम नावाचा पोस्टातला सॉर्टर भाड्यानं राही. जांबोटीकडच्या शेतकरी मराठ्याचा पोरगा. लहानपणी त्यानं डोंगराच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाची गुरं हाका मारून वळवली होती, त्यामुळं साधं "चहा पाहिजे" म्हणाला तरी चौकातली कुत्री उठून उभी राहत. पास्कूनं त्याला कॅसेट ऐकवली. परशरामनं डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "ह्यो माणूस कुनाला बलवाय लागलाय?" पास्कू म्हणाला, सैतानाला. परशराम म्हणाला, "मग आवाज कमी पडतोय त्याचा." तिथल्या तिथं त्याची नेमणूक झाली.

नाव सिद्राममुळं मिळालं. फाउंड्रीत लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीला क्युपोला म्हणतात. पास्कूला ते नाव एखाद्या भुतासारखं वाटलं, त्यानं त्याच्यामागं ब्लॅक जोडलं आणि तिघांच्या काळ्या बनियनवर पांढऱ्या दोऱ्यानं भरतकाम करून टाकलं. हेवी मेटलवाल्यांच्या बनियनवर इतकं सुबक भरतकाम जगात दुसरीकडं कुठं झालं नसेल. गाण्याचे शब्द परशरामनं केले. पास्कूची अट एकच, गाण्यात अंधार पाहिजे, मरण पाहिजे. परशराम म्हणाला, अंधाराचं मला शिकवू नका, आमच्याकडं पावसाळ्यात आठ-आठ दिवस लाइट नसते. मग त्यानं रचलं: "लाइट गेली, गेली रं, तार तुटली, तुटली रं, वायरमन मेला काय?" मरणही आलं, अंधारही आला. पास्कूला तक्रारीला जागा उरली नाही.

ड्रम जुनेच मिळाले. लग्नात वाजवणारी एक बँड कंपनी मोडली होती, तिचा मोठा ढोल आणि दोन लहान ड्रम. झांजा मात्र नव्हत्या. सिद्रामला वाटलं, आपण ओतकाम करणारी माणसं, झांज विकत कशाला घ्यायची? जेवणाच्या सुटीत त्यानं वाळूत साचा केला आणि उरलेल्या बिडाच्या रसातून ताटाएवढी झांज ओतली. बीड ठिसूळ असतं, त्यात इतकं पातळ ओतलं तर काचेसारखं फुटतं, हे तो नव्या पोरांना दर आठवड्याला शिकवत होता. पण ज्याला एखादी गोष्ट हवीच असते त्याला स्वतःचं शिकवणं ऐकू येत नाही. झांज देखणी झाली. त्यानं घासूनपुसून ती दुकानात टांगली, काडी उचलली, मारली, आणि तिचे सात तुकडे झाले. एक तुकडा गिऱ्हाइकाच्या नव्या सुटाची बाही फाडून गेला.

मग त्यानं आईला, यल्लव्वाला, गाठलं. तिचं लग्नातलं काशाचं ताट होतं. पोराचा चेहरा बघून तिनं ते दिलं, पण अट घातली: पावणे आले की ताट घरी पाहिजे. त्यामुळं कुणी पाहुणा हिंडलग्याच्या वाटेवर उतरला की कँपातली तालीम बंद पडे. एकदा यल्लव्वाच्या भावाला त्याच ताटात वाढलं आणि आमटी बघता बघता नाहीशी झाली. टांगण्यासाठी सिद्रामनं ताटाला मधोमध भोक पाडलं होतं. यल्लव्वानं भावाकडं बघून, "भूक लागलीया तुला," असं म्हणून आणखी वाढली आणि आत जाऊन सिद्रामला लाटण्यानं बडवलं. दुसऱ्या दिवशी ताट कायमचं कँपात गेलं.

देवाप्पाला कळलं ते असल्या गोंधळामुळं नाही. एका रविवारी भाकरी मोडताना त्याचं लक्ष सिद्रामच्या हाताकडं गेलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात फोड आले होते.

"हे फोड साच्याचं न्हाईत," तो म्हणाला.

सिद्रामनं हात मागं घेतला, पण मग सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "चामडं न्हाय आप्पा, प्लास्टिकचं असतंय आता."

"चामड्याचं कोण बोलतंय? आमी हलगी जाळली ती काय चामड्याला वास येत हुता म्हणून? कुनाच्या दारात हुबारून वाजवनार, आनि कुनी वाजव म्हटल्यावर वाजवनार, ते सांग."

देवाप्पानं हात धुतले. "तुझं वय झालंय, तुला आडवनार न्हाय. पण मला ऐकाय बलवू नगंस."

झालं. बाप बोलायचा बंद झाला नाही, पंजा ठेवायचा मात्र बंद झाला. आणि इथून पुढं सिद्रामच्या डोक्यात एकच किडा शिरला. जगानं ऐकलं नाही तरी चालेल, आप्पानं एकदा ऐकलं पाहिजे. बेळगाव परिसरात हलगीचा कान असलेला तो एकच माणूस, आणि तोच ऐकणार नसेल तर वाजवून करायचं काय? हे तो पास्कूला सांगे तेव्हा पास्कू म्हणे, "माझा बाप ऐकतो, मॅन. रोज शिव्या देतो. तू सुखी आहे."

पहिला कार्यक्रम फाउंड्रीतच ठरला, खंडेनवमीला. त्या दिवशी सगळी मशिनं पुसून, झेंडूची माळ घालून त्यांची पूजा होते. सिद्राम पूजाअर्चा करणाऱ्यातला नव्हता, पण कामगारांनी आग्रह केला, तेव्हा तिघं सामान घेऊन सकाळीच हजर झाले. कामगार इतके खूश की त्यांनी लेथ, ड्रिल मशीन आणि भट्टी यांच्या ओळीत ड्रम आणि गिटारही मांडली, हळदकुंकू लावलं, ढोलाला माळ घातली, नारळ फोडला. मग पास्कू पुढं झाला आणि त्यानं गिटारीला हात घातला. सगळ्यांच्या तोंडातून एकदम "हां हां!" निघालं. पूजेला लावलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. फोरमननं फार प्रेमानं समजावलं, "तुमचं हत्यार ते. आज इसावा." तिघंही आपापल्या हत्यारासमोर प्रसादाचे पेढे खात दोन तास उभे राहिले आणि रिक्षानं परत आले. पास्कूनं हा कार्यक्रम मोजला तो मोजलाच. म्हणाला, लोक तर आले होते.

नाताळात कँपातल्या एका हॉलमध्ये दुसरा झाला. तो अर्ध्यावर थांबला, कारण परशरामनं सैतानाला हाक मारली आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी जपमाळ काढून गुडघ्यावर बसली. तिसरा एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. तिथं वायर उपटणारा कोण होता ते कळलं नाही. संशय प्राध्यापकांवरच आहे. चौथा निपाणीत. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न, आणि जागा हवी म्हणून स्वागतसमारंभ वखारीत ठेवलेला. वखार झाडून पुसून लखलखीत केली होती, पण वरच्या तुळयांवरची तंबाखूची धूळ कोण झाडणार? सिद्राम पायानं वाजवायचा तो मोठा ढोल वाजू लागला आणि वीस वर्षांची धूळ हळूहळू खाली उतरली. आधी नवरा शिंकला, मग भटजी, मग पंगत. नवरीच्या नाकातली नथ उडून बासुंदीत पडली. त्या सगळ्या शिंका ढोलाच्या ठेक्यावर पडत होत्या असं परशराम शपथेवर सांगतो.

मार्चमध्ये पास्कूचा बहरीनचा व्हिसा आला. मे महिन्यात तो जाणार, म्हणजे बँड संपला. नेमके त्याच आठवड्यात मारुतीराव फाउंड्रीत आले. मारुतीराव म्हणजे सिद्रामच्या गावचे, जत्रा कमिटीचे अध्यक्ष. पंपाचं काम घेऊन आले होते, तिथं कुणीतरी त्यांना बँडचं सांगितलं.

"देवाप्पाचा पोरगा न्हवं तू? आरं मग गावच्या जत्रंला ये की! औंदा आर्केस्ट्रावाल्यानं दगा दिलाय."

सिद्रामला चित्र डोळ्यापुढं दिसलं. ज्या गावात बाप पायरीखाली उभा राहिला त्या गावात आपण स्टेजवर, खुर्चीवर बसून वाजवणार, लाउडस्पीकरवरून आपलं नाव पुकारणार, आणि मग तरी आप्पा ऐकेल. त्यानं पक्कं विचारून घेतलं. "स्टेजवरच न्हवं? खाली उतरायचं न्हाय आमी."

"व्हय व्हय, स्टेजवर. माइक, खुर्च्या, समदं."

घरी सांगितलं तेव्हा देवाप्पानं नुसती मान हलवली. "जा," म्हणाला. "मी यायचो न्हाय." पण जत्रेच्या दिवशी यल्लव्वा निघाली, आणि बसमध्ये तिला उलटी होते म्हणून सोबतीला देवाप्पाही निघाला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यल्लव्वाला बसमध्ये कधी उलटी झालेली नव्हती. वस्तीत त्याची थोरली बहीण राही, तिच्या अंगणात तो बसला. देवळापुढच्या मैदानाकडं फिरकायचं नाही असं त्यानं उतरतानाच जाहीर केलं.

संध्याकाळी लाइट जाणार म्हणून कार्यक्रम चारला ठेवला होता. एप्रिलचं ऊन, मैदान गच्च, पोरं झाडांवर चढलेली. तिघांनी स्टेजवर सामान लावलं. सिद्राम खुर्चीवर बसून बघत होता, इतकी माणसं त्यांच्यासमोर कधीच नव्हती. तेवढ्यात मारुतीराव पायऱ्या चढून आले. त्यांच्या हातात हलगी होती. नवीकोरी, जाळावर नुकतीच शेकलेली.

"सिद्राम, एक काम हाय. दरसालचे परगावचे वाजवनारे आले न्हाईत. हलगीबिगर पालखी उठत न्हाय, आनि पालखी उठल्याबिगर स्टेज सुरू करता येत न्हाय. पाच मिन्टं म्होरं चाल, देवळाला येक फेरी, की मग तुमचंच राज्य."

मारुतीरावांच्या बोलण्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. भाचीच्या लग्नात अक्षता वाटायला सांगावं तसं ते सांगत होते. "तुमच्या घरान्याचा मान हाय त्यो," ते म्हणाले आणि हलगी त्याच्या मांडीवर ठेवली.

खरं सांगायचं तर सिद्रामचा हात गेला. जन्मात त्यानं हलगीला हात लावला नव्हता. चामडं गरम होतं, ताणलेलं होतं, आणि एका बोटाचा नुसता स्पर्श झाला तर ते असं बोललं की प्लास्टिक चौदा महिन्यांत कधी बोललं नव्हतं. पाच मिनिटं. त्यानंतर सगळं गाव आपलं. समोर माणसं टाळ्या वाजवायला लागली होती.

"वाजव ना, मॅन," पास्कू कानाशी म्हणाला. "ड्रमच आहे. आपला लास्ट शो आहे."

पास्कूला बिचाऱ्याला काय माहीत! पण परशरामला माहीत होतं. जांबोटीकडच्या गावातही पायऱ्या होत्या आणि त्याचे वाडवडील वरच्या पायरीवर उभे असत. त्याचा चेहरा लाल झाला. तो पुढं आला.

"मान हाय न्हवं? मग द्या हिकडं. मी चालतो म्होरं."

मारुतीराव हसले. "तुमी कशाला? तुमी मराठं न्हवं?"

"व्हय. मानाला काय हुतंय?"

"छे छे. तुमास्नी शोभतंय व्हय ते?"

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आणि परशरामचा आवाज काय किंवा मारुतीरावांचा काय, पुढं माइक चालू होता, तेव्हा हे सगळ्या मैदानानं ऐकलं. एक-दोघं हसले. बाकीचे पायाखाली बघू लागले.

सिद्राम उठला. त्यानं हलगी नीट, न आपटता, खुर्चीवर ठेवली. रागावून फेकण्यासारखं त्या हलगीनं काही केलं नव्हतं. "मी स्टेजवर वाजवाय आलोय, मारुतीराव. म्होरं चालाय न्हाय."

"मग स्टेज न्हाय," मारुतीराव म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. पालखी शेवटी लाउडस्पीकरवर सनईची रेकॉर्ड लावून उठली आणि देवाची काही तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

तिघं सामान गोळा करून खाली उतरले. ढोल सिद्रामच्या डोक्यावर, लहान ड्रम परशरामच्या काखेत, पास्कूच्या गळ्यात गिटार आणि हातात यल्लव्वाचं ताट. पास्कू वाटभर इंग्रजीत शिव्या घालत होता, कुणाला ते कळत नव्हतं. सिद्रामचे डोळे भरून आले होते आणि डोक्यावरच्या ढोलामुळं पुसताही येत नव्हते. बापाला ऐकवायची ही शेवटची संधी होती, ती गेली. वस्तीत शिरताना त्याला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटत होतं.

विहारापुढं फरशी घातलेली मोकळी जागा होती. तिथं सामान टेकवलं तर पोरं जमली, बायका जमल्या. काय झालं ते त्यांच्याआधीच वस्तीत पोचलं होतं. एकीनं पाणी आणून दिलं. परशराम म्हणाला, "आता आलोयच तर वाजवूया." पास्कूनं विहाराच्या दिव्याच्या होल्डरमधून वायर ओढली. सिद्राम पाण्याच्या रिकाम्या पिंपावर बसला, पुढं ड्रम मांडले, ताट टांगलं, आणि वर बघितलं तर समोर देवाप्पा उभा होता.

"कुनी सांगितलं वाजवाय?" त्यानं विचारलं.

"कुनी न्हाय, आप्पा."

"कुनीच न्हाय?"

"न्हाय. माझं मलाच वाजवायचंय."

देवाप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढून फरशीवर अंथरला आणि त्याच्यावर बसला. "मग वाजव."

ब्लॅक क्युपोलाचा पाचवा कार्यक्रम असा सुरू झाला. परशरामनं "लाइट गेली" म्हणून जी आरोळी ठोकली ती पालखीपर्यंत गेली, आणि त्याच क्षणी होल्डरमध्ये ठिणगी उडून खरोखरच लाइट गेली. नुसती विहाराची नाही, सगळ्या वस्तीची, आणि मैदानावरची सनईही मधेच अडकली. पास्कूची गिटार मुकी झाली. तो खाली बसून टाळ्या वाजवू लागला. सिद्राम मात्र थांबला नाही. त्याला लाइट लागत नव्हती. भर उन्हात तो वाजवत राहिला. भट्टी वाजवली, ग्राइंडर वाजवला, साचे फोडले, निपाणीची धूळ पाडली. म्हाताऱ्या कानात पदर खुपसून बसल्या पण उठल्या नाहीत. पोरं नाचून नाचून दमली. मैदानाकडनं माणसं एकेक करून वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. त्यात मारुतीरावांचा नातूही होता म्हणतात. देवाप्पा सगळा वेळ मान खाली घालून बसला होता. ऐकतोय की झोपलाय, सिद्रामला काही कळेना.

परतीच्या बसला पाचही जण थांबले होते. पास्कू आणि परशराम ढोलावर बसून भजी खात होते, यल्लव्वा ताट पदरानं पुसत होती. देवाप्पा रस्त्याकडं बघत उभा होता. कसं वाटलं ते विचारायचा सिद्रामला धीर होत नव्हता. धूळ उडवत बस वळणावर दिसली तेव्हा देवाप्पानं त्याचा डावा हात धरला, उलटापालटा करून बघितला, मनगट हलवून बघितलं.

"ह्यो हात ढिला पडतोय तुझा. समदा भार उजव्यावर घेतोस," तो म्हणाला. "उद्या कामावरनं आलास की बस माझ्याजवळ. दावतो."